सक्ती कुणावर?

प्रवेशाच्या दिवसांत आमच्या मनीषनगरातल्या ऑनलाइन फॉर्म भरून देणाऱ्या दुकानांत ‘आरटीई’ हा शब्द सतत कानी पडतो. पडद्यावर नकाशा उघडलेला असतो आणि लाल फुगा नेमका आपल्या घरावर टेकवायचा असतो, कारण शाळा एक किलोमीटरच्या आत की बाहेर, यावर पुढचे बरेच काही ठरते. मग सोडत निघते आणि ‘नंबर लागला का?’ ही विचारपूस सुरू होते. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्काचा कायदा, म्हणजेच ‘आरटीई’, बहुतेकांना भेटतो तो इथेच, खाजगी शाळांतल्या पंचवीस टक्के राखीव जागांच्या दारात. दार महत्त्वाचे आहेच. पण घर त्याहून मोठे आहे.

या कायद्याची पूर्वपीठिका आपल्याच मुलखातली आहे, याचा अभिमान वाटतो. १८८२ साली जोतीराव फुल्यांनी शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे प्राथमिक शिक्षणाच्या सक्तीची मागणी केली. सयाजीराव गायकवाडांनी १८९३ मध्ये अमरेलीत प्रयोग करून १९०६ मध्ये ही सक्ती सबंध बडोदा संस्थानाला लागू केली. गोपाळ कृष्ण गोखल्यांचे याच सक्तीसाठीचे १९११ चे विधेयक मात्र पुढच्या वर्षी १३ विरुद्ध ३८ मतांनी पडले. तरीही शाहू महाराजांनी १९१७ मध्ये कोल्हापुरात सक्तीचा कायदा केलाच.

वाचकांनी इथे एक फरक ध्यानात घ्यावा. कोल्हापुरात मुलाला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड होता. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या ‘आरटीई’ कायद्याच्या आठव्या कलमाने सक्तीचा रोख सरकारकडे वळवला. सहा ते चौदा वयाच्या प्रत्येक मुलाचा प्रवेश, हजेरी आणि आठवीपर्यंतचे शिक्षण पूर्ण होणे, ही जबाबदारी आता शासनाची. माझ्या मते कायद्याचा कणा हाच. म्हणून पंचवीस टक्क्यांच्या बाराव्या कलमापासून सुरुवात करू नका. शिक्षणाचा हक्क देणारे तिसरे आणि हे आठवे आधी वाचा. मग वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, असे सांगणारे चौदावे कलम बांधकामांवर राबणाऱ्या मजुरांच्या लेकरांसाठी केवढे मोलाचे आहे, ते सहज उमगेल.

जवळ सरकारी वा अनुदानित शाळा असेल तर खाजगी शाळेला पंचवीस टक्क्यांतून सूट, असा बदल राज्याने फेब्रुवारी २०२४ मध्ये केला होता. मुंबई उच्च न्यायालयाने तो त्याच जुलैत रद्द केला. त्यामागचे कारणही कायदा मुळातून वाचल्यावर नीट कळते. कायदा आटोपशीर आहे, एका बैठकीत वाचून होतो. फॉर्म भरायला जाण्याआधी तेवढा वेळ त्याला जरूर द्या.