सिद्धार्थ देसाई मुंबईत का राहिला नाही?

मांडव्यात किंवा अलिबाग तालुक्यातल्या कुठल्याही गावात कबड्डीचा संघ कसा बनतो, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. मंडळात जो खेळतो तो गावाचा. यंदा फार चांगला खेळला म्हणून पुढच्या वर्षी तो मंडळाला परवडेनासा झाला, असं काही होत नाही. प्रो कबड्डीत मात्र नेमकं हेच होतं, आणि तेही नियमानुसार.

आधी थोडं मागे जाऊ. मांडव्याहून लाँच पकडून पलीकडे गेलं की मुंबई. तिथली 2014च्या आधीची मोठी कबड्डी म्हणजे नोकरीची कबड्डी. एअर इंडिया, महिंद्रा, भारत पेट्रोलियम, रेल्वे, पोलीस. खेळाडू संघ बदलायचा तो पक्की नोकरी मिळतेय म्हणून, आणि मग सहसा तिथेच चिकटायचा. 2014 मध्ये प्रो कबड्डी आली आणि लिलाव सुरू झाला. संघाने खेळाडूंवर एका मोसमात जास्तीत जास्त किती खर्च करायचा याची मर्यादा आली. तीच ती ‘पर्स’, सगळ्या संघांना सारखी.

ही कल्पना अमेरिकेतल्या बास्केटबॉलवाल्यांची जुनी. एनबीएने 1984-85च्या मोसमात प्रत्येक संघाला 36 लाख डॉलरची मर्यादा घातली. पण तिथे एक पळवाट ठेवली: आपलाच जुना खेळाडू टिकवायचा असेल तर मर्यादा ओलांडता येते. बोस्टनच्या लॅरी बर्डवरून तिला ‘बर्ड’चं नाव पडलं. आपल्या कबड्डीत असं काही नाही. तुमच्या जुन्या खेळाडूवर लागलेली शेवटची बोली तेवढ्याच किमतीला स्वीकारून त्याला परत घेण्याची सोय आहे, पण पैसे त्याच पर्समधून जातात. जुन्या ओळखीला सवलत नाही.

आता सिद्धार्थ. कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगडकडचा हा पोरगा 2018च्या लिलावात यू मुंबाने 36.4 लाखांना घेतला. पर्स होती 4 कोटी, म्हणजे जेमतेम अकरावा हिस्सा. त्या मोसमात त्याने चढाईचे 218 गुण घेतले. एप्रिल 2019च्या लिलावाआधी यू मुंबाने इराणी बचावपटू फझल अत्राचलीला कायम ठेवलं, सिद्धार्थला नाही. त्याच्यावर तेलुगु टायटन्सने 1.45 कोटी मोजले. पर्स वाढून 4.4 कोटी झाली होती, तरी हा जवळजवळ एक तृतीयांश झाला. संघात किमान 18 जण लागतात. उरलेल्या 17 जणांसाठी 2.95 कोटी, म्हणजे माणशी साधारण 17 लाख. सात जण मैदानात उतरणाऱ्या खेळात हे जड जातं.

मी ज्या प्रकारच्या गणितांवर काम करते त्यात याला पिशवीचा प्रश्न म्हणतात: पिशवी ठरावीक वजन पेलते, मग कुठल्या वस्तू भरल्या तर सर्वांत जास्त फायदा? पुस्तकातल्या गणितात वस्तूचं वजन बदलत नाही. इथे वस्तू उपयोगी पडली की पुढच्या वर्षी तिचंच वजन वाढतं! त्यामुळे स्वस्तात हिरा शोधणारा संघ तो फार दिवस सांभाळू शकत नाही. आणि सोडणं नेहमी चूकही नसतं. 2019 मध्ये सिद्धार्थने पुन्हा दोनशेच्या वर गुण घेतले, पण टायटन्स तळाजवळच राहिले. यू मुंबा मात्र उपांत्य फेरीत पोहोचला. चाहते ‘घरचा पोरगा घालवला’ म्हणून चिडले असतील, पण आकडे व्यवस्थापनाच्या बाजूचे होते असं मला वाटतं.

हेच गणित उलट्या बाजूने पुण्याने सोडवलं. अस्लम इनामदार आणि मोहित गोयत हे 2021च्या मोसमात तरुण खेळाडूंच्या योजनेतून, म्हणजे लिलावाच्या चढाओढीबाहेरून, पुणेरी पलटणमध्ये आले. ते तयार होत होते तोवर पर्समध्ये जागा राहिली. ऑक्टोबर 2023च्या लिलावात पर्स 5 कोटी असताना पलटणने एकट्या मोहम्मदरेझा शादलूईवर 2.35 कोटी लावले. एरवी हा वेडेपणा ठरला असता. पण 1 मार्च 2024ला हैदराबादमध्ये हरियाणा स्टीलर्सला 28-25 असं हरवून पलटण पहिल्यांदा विजेते झाले.

आणि मग मोसम संपला. ऑगस्ट 2024च्या लिलावात शादलूई 2.07 कोटींना त्याच हरियाणाकडे गेला. पलटण बाद फेरीतही पोहोचले नाहीत (अस्लमची दुखापतही त्यात आली, सगळं खापर पर्सवर नको). हरियाणाने 29 डिसेंबरला अंतिम सामन्यात पाटण्याला 32-23 असं हरवलं, तेही पुण्यात, बालेवाडीला. पुढच्या लिलावात शादलूई हरियाणातही राहिला नाही. 2025 मध्ये त्याला गुजरातने 2.23 कोटींना घेतलं.