देवनागरी, पाली, ब्राह्मी : संगणकावर प्रत्येक लिपीला योग्य फॉन्ट कसा लावायचा?

निवेदन, ठराव, माहिती अधिकाराचा अर्ज, जयंतीचे पत्रक, शिष्यवृत्तीची तक्रार. चळवळीचे बरेचसे लेखन आज संगणकावर होते. पण दहा वर्षांपूर्वीची फाइल उघडली की मराठीऐवजी रोमन अक्षरांची खिचडी दिसते, हा अनुभव बहुतेक कार्यकर्त्यांना आहे. फाइल खराब झालेली नसते, फॉन्ट हरवलेला असतो. मजकूर वाचता आला नाही तर तो पुरावा म्हणूनही उपयोगी पडत नाही, म्हणून हा विषय केवळ डीटीपीवाल्यांवर सोडून चालणार नाही.

शिरूर तालुक्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. प्रत्यक्ष काम करत शिकायचे, ही तिथली पद्धत. पुढील माहितीही तशीच, संगणक समोर ठेवून वाचावी.

जुना फॉन्ट आणि युनिकोड

कृतिदेव, श्रीलिपी, आकृती यांच्या जुन्या फॉन्टमध्ये मराठी अक्षराचे फक्त चित्र असते. आत साठवलेली असते ती रोमन अक्षराची खूण. कृतिदेवमध्ये दिसणारा ‘क’ संगणकाच्या लेखी लहान लिपीतला ‘डी’ असतो. तो फॉन्ट ज्या संगणकावर नाही, तिथे ‘डी’च दिसतो. असा मजकूर शोधता येत नाही आणि मोबाइलवर वाचताही येत नाही.

युनिकोडमध्ये प्रत्येक लिपीच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक असतो. त्याची पहिली आवृत्ती १९९१ मध्ये आली आणि तिच्यात देवनागरी होती. फॉन्ट बदलला तरी ‘क’ हा ‘क’च राहतो. मंगल हा विंडोजमधील परिचित युनिकोड फॉन्ट सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी रचलेला आहे. निर्मला यूआय, नोटो सान्स देवनागरी आणि मुक्ता हेही युनिकोड फॉन्ट आहेत. नोटो आणि मुक्ता मोफत मिळतात.

एका फाइलला दोन फॉन्ट

संगणक एकाच ओळीतील इंग्रजी आणि मराठी मजकूर वेगवेगळा धरतो. देवनागरीत काना, वेलांटी, रफार, जोडाक्षरे जुळवावी लागतात, म्हणून तिची गणना ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट’मध्ये होते. अनेकदा आकार बदलूनही मराठी अक्षरे तशीच राहतात, कारण बदल फक्त इंग्रजीच्या रकान्यात झालेला असतो.

- विंडोज : सेटिंग्जमध्ये ‘टाइम अँड लँग्वेज’ उघडून मराठी भाषा जोडा. इनस्क्रिप्ट कीबोर्ड मिळतो. विंडोज १० च्या २०१९ नंतरच्या आवृत्त्यांत उच्चारानुसार टाइप करण्याचा कीबोर्डही आहे.
- वर्ड : कंट्रोल आणि डी एकत्र दाबा. ‘लॅटिन टेक्स्ट’ आणि ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स’ असे दोन भाग दिसतील. दोन्हीकडे फॉन्ट आणि आकार निवडून ‘सेट अ‍ॅज डिफॉल्ट’ करा. दुसरा भाग दिसत नसेल तर आधी मराठी भाषा जोडा.
- लिबरऑफिस : ‘टूल्स’, मग ‘ऑप्शन्स’, मग भाषांचा विभाग. तिथे ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’समोर मराठी निवडा. नंतर रायटरच्या विभागात ‘बेसिक फॉन्ट्स, सीटीएल’मध्ये फॉन्ट ठरवा.
- फायरफॉक्स : सेटिंग्जमधील फॉन्टच्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ भागात लिपी म्हणून देवनागरी निवडून तिचा वेगळा फॉन्ट लावता येतो.

भाषा हिंदी न ठेवता मराठीच ठेवावी. काही फॉन्टमध्ये मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ त्याशिवाय येत नाहीत.

पाली, ब्राह्मी आणि मोडी

पालीला स्वतःची एकच अशी लिपी नाही. ती सिंहली, बर्मी, थाई, रोमन आणि देवनागरी अशा अनेक लिप्यांत लिहिली गेली. इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाने तिपिटक देवनागरीसह अनेक लिप्यांत संगणकावर उपलब्ध केले आहे. रोमन पालीत दीर्घ स्वरावर आडवी रेघ आणि काही अक्षरांखाली टिंब लागते. ही चिन्हे नसलेला फॉन्ट लावला की शब्द मोडतात, म्हणून पुस्तिका छापण्यापूर्वी ती तपासावीत.

जुन्नरच्या बौद्ध लेण्यांतील शिलालेख ब्राह्मीत आहेत. जेम्स प्रिन्सेपने १८३७ मध्ये अशोककालीन ब्राह्मी उलगडली. युनिकोडमध्ये ती २०१० मध्ये आली, मोडी २०१४ मध्ये. ब्राह्मी मजकुराच्या जागी रिकामे चौकोन दिसले तर मजकूर गेला असे समजू नये. नोटो सान्स ब्राह्मी बसवला की अक्षरे दिसतात. जुन्या महसुली कागदांचे वाचन करणाऱ्यांसाठी नोटो सान्स मोडी आहे.

जुन्या फाइली बदलताना

जुन्या फॉन्टचा मजकूर युनिकोडमध्ये आणणारी परिवर्तक साधने मिळतात. त्यासाठी मूळ फॉन्टचे नेमके नाव माहीत हवे. बदल झाल्यावर पुढील जागा डोळ्यांनी तपासा :

१. पहिली वेलांटी. जुन्या पद्धतीत ती अक्षराआधी टाइप होते, युनिकोडमध्ये अक्षरानंतर साठवली जाते.
२. रफार, आणि ‘दुसऱ्या’, ‘तऱ्हा’ यांतील ‘ऱ्य’, ‘ऱ्ह’.
३. आकडे, तारखा, गट नंबर, गुन्हा क्रमांक. इथली एक चूक अर्ज फेटाळायला पुरेशी असते.
४. ‘ॲट्रॉसिटी’ आणि ‘ॲड.’ यांतील पहिले अक्षर. ‘ॲ’ हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये २००८ मध्ये आले. त्याआधी लोक ‘अ’वर चंद्र देत किंवा हिंदीचे ‘ऍ’ वापरत. डोळ्यांना फरक फारसा जाणवत नाही, पण एका पद्धतीने शोधले तर दुसऱ्या पद्धतीने लिहिलेली प्रकरणे सापडत नाहीत. संस्थेने एकच पद्धत ठरवावी.

मूळ फाइल पुसू नका. ती, तिचा फॉन्ट आणि नवी युनिकोड प्रत एकाच फोल्डरमध्ये ठेवा.

शाखेसाठी किमान नियम

नवा मजकूर युनिकोडमध्येच टाइप करावा. छपाईला देताना पीडीएफ द्यावी, कारण एरवी तिच्यात फॉन्ट सोबत जातो. पण पुढे दुरुस्ती करायची असते, म्हणून मूळ फाइलही डीटीपीवाल्याकडून मागून घ्यावी आणि ती युनिकोडमध्ये आहे का हे बघावे. हे तपासणे सोपे आहे : त्यातील एक ओळ उचलून व्हॉट्सॲपवर पाठवा. मोबाइलवर मराठी दिसली तर ठीक, रोमन अक्षरे आली तर फाइल जुन्या फॉन्टमध्ये आहे.

विहारातल्या किंवा वाचनालयातल्या संगणकावर एका रविवारी दोघा-तिघांनी बसून ही मांडणी करता येते. सुरुवात संस्थेची घटना, नोंदणीचे कागद आणि सभांची इतिवृत्ते यांपासून करावी. पदाधिकारी बदलले की हीच कागदपत्रे सर्वात आधी शोधावी लागतात.

जय भीम!