अकरा अक्षरांचा पत्ता

भारतात आईबाबांच्या खात्यात पैसे पाठवायचे म्हटलं की तुमच्या ॲपमध्ये तीन रकाने येतात: नाव, खाते क्रमांक आणि आयएफएससी कोड. नाव तुम्ही डोळे मिटून लिहिता. खाते क्रमांक दोनदा तपासता. कोडसाठी मात्र व्हॉट्सॲपवर निरोप जातो, 'बाबा, पासबुकाच्या पहिल्या पानाचा फोटो पाठवा ना.' आता विचार करा, या तिन्हींपैकी पैसे नेमके कशाच्या भरवशावर पोचतात? ज्या नावाबद्दल तुम्हाला सगळ्यात जास्त खात्री असते, ते नाव भारतातल्या या व्यवस्थेत बरीच वर्षं जवळजवळ शोभेपुरतं होतं. असं का झालं, याची गोष्ट जुनी आहे आणि तिची सुरुवात बँकेत होत नाही.

पूर्वी पैसा दूर पाठवायचा तर हुंडी लिहीत. त्यातला एक प्रकार शहाजोग हुंडी. ती कुणीही उठून वटवू शकत नसे. बाजारात पत असलेल्या, ओळखीच्या सावकारामार्फतच तिचे पैसे मिळत. म्हणजे सुरक्षितता कागदात नव्हती, ओळखीत होती. पुढे १८८० मध्ये टपाल खात्यानं मनीऑर्डर सुरू केली. मुंबईच्या गिरणीत राबणाऱ्या माणसाचे पैसे कोकणातल्या घरी पोचायचे ते पोस्टमनच्या हातून. पोस्टमन घर ओळखायचा, म्हातारीला ओळखायचा, सही येत नसेल तर साक्षीदारासमोर अंगठा घ्यायचा. मग पोचपावती उलट मुंबईला यायची. वेळ लागायचा, पण पैसे ज्याचे त्यालाच मिळाले की नाही, हे दाराशी उभा असलेला एक माणूस बघायचा.

हे सगळं माणसाच्या डोळ्यांवर चालत होतं तोवर ठीक होतं. देश मोठा, गावांची नावं सारखी, लिप्या अनेक आणि अक्षर अगम्य. तेव्हा पत्रं भलतीकडे जायची. यावर उपाय काढला तो एका मराठी माणसानं. श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपाल खात्यातले वरिष्ठ अधिकारी आणि संस्कृतचे कवी. त्यांच्या कल्पनेतून १५ ऑगस्ट १९७२ रोजी सहा आकडी पिनकोड सुरू झाला. गावाचं नाव कुठल्याही लिपीत, कसंही लिहा, आकडा चुकला नाही तर पत्र योग्य टपाल कार्यालयात पोचतं. नावातला गोंधळ आकड्यानं सोडवायचा, ही युक्ती इथे लक्षात ठेवा. ती पुन्हा येणार आहे.

बँकांनी ती १९८० च्या दशकात उचलली. धनादेश हातानं वेगळे करणं अशक्य होत चाललं, म्हणून यंत्राला वाचता येईल अशा चुंबकीय शाईत धनादेशाच्या तळाशी नऊ आकडे छापायला लागले. हा एमआयसीआर कोड. पहिले तीन आकडे शहराचे, पुढचे तीन बँकेचे, शेवटचे तीन शाखेचे. शहराचे आकडे पिनकोडवरूनच घेतले: मुंबईचा ४००, पुण्याचा ४११. म्हणजे वेलणकरांचा पत्ता टपालाच्या पिशवीतून थेट बँकेच्या यंत्रात गेला.

मग कागदच नाहीसा व्हायला लागला. आधी ईएफटी नावाची, मोजक्या शहरांपुरती व्यवस्था होती. मार्च २००४ मध्ये मोठ्या रकमांसाठी आरटीजीएस आली, नोव्हेंबर २००५ मध्ये एनईएफटी. कुठल्याही गावातून कुठल्याही गावात पैसे जाणार, तर प्रत्येक शाखेला देशभर एकच, न बदलणारी खूण हवी. ती खूण म्हणजे इंडियन फायनान्शियल सिस्टम कोड, आपला आयएफएससी.

त्याची रचना सोपी आहे. एकूण अकरा अक्षरं. पहिली चार बँकेची: बँक ऑफ महाराष्ट्रची एम-ए-एच-बी, स्टेट बँकेची एस-बी-आय-एन. पाचवं अक्षर नेहमी शून्य, पुढे कधी गरज पडली तर म्हणून राखून ठेवलेलं. शेवटची सहा शाखेची. काही बँकांमध्ये ही सहाही आकडेच असतात. बँक ऑफ बडोदासारख्या बँकेत तिथे शाखेच्या नावाची इंग्रजी आद्याक्षरं येतात. म्हणून लोक पाचव्या शून्याच्या जागी 'ओ' टाकतात आणि ॲप रुसून बसतं. एक गोष्ट लक्षात आली का? एमआयसीआरमधलं शहर इथे गळून पडलं. उरली बँक आणि शाखा.

आणि गंमत अशी, की शाखेला हा कोड मिळाला त्याच सुमारास शाखेचं महत्त्वही संपत होतं. कोअर बँकिंग आलं. तुमचं खातं सातारच्या शाखेच्या वहीतून उठून बँकेच्या मध्यवर्ती संगणकावर गेलं. आज आयएफएससीतली शाखा म्हणजे आपल्या मूळ गावासारखी आहे: राहायला दुबईत, नोकरी लंडनमध्ये, पण कागदावर गाव सातारा.

आता नावाकडे येऊ. पैसे जमा करण्याआधी बँकेनं नाव आणि खाते क्रमांक जुळवून बघावेत, अशी सर्वसाधारण अपेक्षा होती. पण कुलकर्णी हे आडनाव रोमन लिपीत किती तऱ्हांनी लिहितात ते आठवा. शिवाय वडिलांचं नाव मध्ये की शेवटी, पूर्ण की आद्याक्षर? दर वेळी माणसानं बघायचं तर काम अडणार, पैसे परत जाणार. म्हणून १४ ऑक्टोबर २०१० च्या परिपत्रकात रिझर्व्ह बँकेनं मुभा दिली, की फक्त खाते क्रमांकाच्या आधारे पैसे जमा केले तरी चालतील. आणि माहिती बरोबर देण्याची जबाबदारी? पाठवणाऱ्याची. १९७२ मध्ये नावाच्या गोंधळावर आकड्याचा उतारा काढला, २०१० मध्येही तोच. फरक इतकाच, की टपालात पिनकोडनंतरही दाराशी पोस्टमन उभा होता. इथे दाराशी कुणीच नव्हतं.

हे फक्त भारतात झालं असं समजू नका. तुम्ही ब्रिटनमध्ये असाल तर तुमचा सहा आकडी सॉर्ट कोड रोज वापरता. तिथेही खातेदाराचं नाव पडताळून दाखवायला २०२० साल उजाडलं. अमेरिकेतला राउटिंग नंबर १९१० पासूनचा. त्याच्या नऊ आकड्यांतला शेवटचा आकडा आधीच्या आठांच्या गणितातून येतो, त्यामुळे एखादा आकडा चुकला तर यंत्राला कळतं. आखातात आणि इस्रायलमध्ये वापरतात त्या आयबॅनमध्येही असे दोन पडताळणी अंक असतात. आयएफएससीत असा अंक नाही. तुम्ही लिहिलेला चुकीचा कोड दुसऱ्या एखाद्या खऱ्या शाखेचा असू शकतो.

कोड कायमचा असतो, हाही समज बाजूला ठेवा. १ एप्रिल २०१९ रोजी देना बँक आणि विजया बँक बँक ऑफ बडोदात विलीन झाल्या, वर्षभरानं आणखी सार्वजनिक बँका एकत्र आल्या. खातेदार तेच, इमारत तीच, पण कोड बदलले. देना आणि विजयाचे जुने कोड १ मार्च २०२१ पासून बंद झाले. परदेशातल्या ॲपमध्ये कधीतरी साठवून ठेवलेला काकांचा जुना कोड अशा वेळी निकामी होतो.

आणि फसवणूक? इथे नीट ऐका. भामट्याकडेही खरा आयएफएससी असतो. तो भाड्यानं घेतलेल्या खात्याचा असतो, पण खराच असतो. कोड बरोबर आहे याचा अर्थ इतकाच, की अशी शाखा अस्तित्वात आहे. खातं कुणाचं, हे तो सांगत नाही, आणि ते सांगण्यासाठी तो बनलेलाही नाही.

ही पोकळी भरायला सुरुवात अलीकडे झाली. रिझर्व्ह बँकेनं ३० डिसेंबर २०२४ रोजी बँकांना सांगितलं, की १ एप्रिल २०२५ पर्यंत आरटीजीएस आणि एनईएफटीसाठी खातेदाराचं नाव दाखवायची सोय करा, तीही विनामूल्य. खाते क्रमांक आणि आयएफएससी टाकला, की समोरच्या बँकेतून त्या खात्यावरचं नाव येतं. ते बघून पुढे जायचं की थांबायचं, हे तुम्ही ठरवायचं. पोस्टमनचं काम थोडंफार परत आलं, फक्त आता ते तुमच्याकडे आहे.

मग तुम्ही काय करायचं? कोड गुगलवर शोधू नका. पासबुक, धनादेश किंवा रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावरची यादी, यांवरूनच घ्या. भारतात एनआरई किंवा एनआरओ खातं असेल तर नेटबँकिंगमधून समोरच्याचं नाव आधी पाहून घ्या. परदेशातल्या ॲपमध्ये ते दिसेलच असं नाही, तेव्हा पहिल्यांदा लहान रक्कम पाठवा, पोचल्याचा फोन आला की मगच मोठी. 'माझं खातं बदललंय, आता इकडे पाठव' असा मेसेज आला, तर त्या मेसेजला उत्तर देऊ नका. आधीपासून असलेल्या नंबरवर फोन लावून आवाज ऐका. आणि पैसे भलतीकडे गेलेच, तर तुमच्या बँकेला लगेच कळवा. फसवणूक असेल तर घरच्यांना भारतातल्या १९३० या हेल्पलाइनवर त्याच क्षणी फोन करायला सांगा. तिथे उशीर महागात पडतो.

आजीच्या ऑपरेशनसाठी घाईघाईत पैसे पाठवायची वेळ आपल्यापैकी अनेकांवर येते. त्या घाईतही एक फोन करायला दोनच मिनिटं लागतात.