म्हातारपणाचा पगार



आपल्या नांदेड-लातूरकडच्या कोणत्याही बाजारगावी बँकेच्या दारात म्हाताऱ्या माणसांची रांग आपण पाहिली असेल. एखाद्या आजीला विचारा, 'आजी, आज काय काम काढलं?' तर ती सांगेल, 'पगार पडला का पाहायला आले, बाबा.' हा निराधारचा पगार. सरकारी कागदावर त्याला कुठे अनुदान म्हटले आहे, कुठे निवृत्तिवेतन. लोकांनी मात्र त्याला पगारच म्हटले, आणि माझ्या मते लोकांचा शब्द अधिक बरोबर आहे. अनुदान देणाऱ्याच्या मर्जीवर असते. पगार केलेल्या कामाचा असतो. मर्जीपासून हक्कापर्यंतची ही वाट आपला मुलूख कसकसा चालून आला, ते आज थोडक्यात सांगावयाचे आहे.

निजामाच्या राज्यात निवृत्तिवेतनाला वजीफा म्हणत. सरकारी नोकरी करून घरी बसलेल्या माणसाला मिळे तो वजीफा-ए-हुस्न-ए-खिदमत, म्हणजे चांगल्या चाकरीबद्दलचा वजीफा. असा मनुष्य वजीफायाब. वजीफा मोजून मिळे तो हाली शिक्क्यात; सात हाली रुपये म्हणजे सहा कलदार. पण तो मिळे कुणाला? तहसिलातल्या, अदालतीतल्या, पोलिसातल्या, फार तर सरकारी शाळेतल्या नोकराला. त्याशिवाय जहागिऱ्या होत्या, मनसबी होत्या, इनामे होती. ती घराण्याला मिळत आणि घराण्यातच राहत. कंधार किंवा औशाकडचे कूळ, सालगडी, बलुतेदार यांच्या वाट्याला यांतले काहीच नव्हते. त्याचा वजीफा म्हणजे त्याचा मुलगा. मुलगा नीट निघाला तर भाकरी, नाही निघाला तर देवळाची पायरी.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान भारतात सामील झाले. १९४९ मध्ये जहागिऱ्या गेल्या; १९५२ आणि १९५४ च्या कायद्यांनी रोख तनखे आणि इनामे यांचीही वाट लागली. घराण्याच्या नावाने चालणारे देणे असे बंद पडले. इकडे २६ जानेवारी १९५० पासून अंमलात आलेल्या राज्यघटनेच्या ४१ व्या कलमात म्हातारपण, आजार आणि अपंगत्व यांत राज्याने साहाय्य करावे असे लिहिले गेले; मात्र 'आर्थिक कुवतीच्या मर्यादेत' ही पुस्ती जोडून. या पुस्तीने पुढे तीस वर्षे खाल्ली असे म्हणावयास हरकत नाही. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला, तेव्हा जुन्या हैदराबादी नोकरांच्या सेवाशर्ती केंद्राच्या पूर्वसंमतीशिवाय त्यांच्या तोट्यात बदलता येणार नाहीत, असे राज्य पुनर्रचना कायद्यातच घातले होते. नोकरदाराची काळजी अशी घेतली गेली. रानातल्या माणसाची पाळी अजून यावयाची होती.

मधल्या काळात एक वेगळा पेन्शनर आपल्याकडे उभा राहिला, तो म्हणजे स्वातंत्र्यसैनिक. स्वामी रामानंद तीर्थ २२ जानेवारी १९७२ रोजी गेले; त्याच वर्षी १५ ऑगस्टला केंद्राने स्वातंत्र्यसैनिकांची पेन्शन सुरू केली. परंतु निजामाच्या तुरुंगात गेल्याचा कागद सर्वांजवळ कोठून असणार? उमरखेडच्या किंवा बार्शीकडच्या सरहद्द कॅम्पात राहून रझाकारांशी झुंजलेल्याला तर तुरुंगाचा दाखलाही नाही. ह्या कॅम्पांना मान्यता मिळण्यास १९८५ साल उजाडले. आणि मग उलटेही झाले. शेजारच्या बीड जिल्ह्यात खोट्या स्वातंत्र्यसैनिकांचे प्रकरण निघून थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. कागद नसलेला खरा माणूस बाहेर आणि कागद असलेला खोटा आत, हे आपल्या पेन्शनच्या इतिहासातले जुने दुखणे आहे.

१९८० साली बॅ. अंतुले मुख्यमंत्री असताना संजय गांधी निराधार अनुदान योजना आली, आणि रानातल्या माणसाची पाळी आली ती येथे. दोन वर्षांनी, १७ डिसेंबर १९८२ रोजी, नाकरा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की पेन्शन ही मालकाची मेहेरबानी नव्हे, ती मागच्या सेवेतून निर्माण झालेला हक्क आहे. निकाल सरकारी नोकरांपुरता होता, हे खरे. परंतु विचार पुढे झिरपला. १५ ऑगस्ट १९९५ पासून केंद्राची वृद्ध पेन्शन सुरू झाली, तेव्हा केंद्राचा वाटा होता महिना ७५ रुपये. राज्याने आपली भर घालून श्रावणबाळ योजना चालविली. २०२३ मध्ये ही रक्कम महिना १,५०० रुपये झाली. पण कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा मात्र वर्षाला २१,००० रुपये तशीच राहिली. आता हिशेब करा. रोजगार हमीवर शंभर दिवस गेलेले घरदेखील ह्या मर्यादेच्या पुढे जाते. मग तलाठ्याकडे उत्पन्नाचा दाखला मागताना माणसाने खरे सांगावे की पोट भरावे?

शिक्षक श्रोत्यांना १ नोव्हेंबर २००५ ही तारीख सांगावयास नको. त्या दिवसापासून लागलेल्यांची जुनी पेन्शन गेली, आणि मार्च २०२३ चा संप त्याच दुखण्याचा होता.

दवाखान्याच्या बाबतीत मात्र आपला जिल्हा एकदा तरी पहिल्या रांगेत बसला. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली, त्यांत मराठवाड्यातला एकटा नांदेड होता. लातूरला ती मिळाली २०१३ च्या नोव्हेंबरात. हीच योजना २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालते. आरंभी ती पिवळ्या आणि केशरी शिधापत्रिकेवर होती. पुढे आपल्या दुष्काळी जिल्ह्यांतल्या पांढऱ्या शिधापत्रिकेच्या शेतकऱ्यालाही तीत घेतले. २९ ऑक्टोबर २०२४ पासून केंद्राच्या आयुष्मान योजनेत सत्तर वर्षांवरील प्रत्येकाला, मग तो गरीब असो की बागायतदार, कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळतात; कार्डाचे नाव वय वंदना. एक गोष्ट लक्षात असू द्या. हा विमा दवाखान्यात भरती झालेल्यासाठी आहे. पैसे हातात येत नाहीत, दवाखान्याला जातात. आणि रोजच्या रक्तदाबाच्या गोळीला त्याचा उपयोग नाही. भरतीच्या वेळी योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेला असतो, आधी त्याला गाठावे.

पण सत्तर वर्षे झाली हे ठरवावयाचे कसे?

माझ्या ओळखीची एक म्हातारी आहे, कंधार तालुक्यातली. 'रझाकाराच्या धामधुमीत मायच्या कडेवर होते, तुरीच्या रानात लपलो होतो,' असे ती सांगते. म्हणजे आज ऐंशीच्या आसपास. आधारवर तिची जन्मतारीख आहे १ जानेवारी १९६५. तिच्या थोरल्या मुलाची शाळेतली जन्मतारीख १९६६ ची! एका वर्षाच्या मुलीला मूल झाले, हे यंत्राला खटकले नाही. नवऱ्याला श्रावणबाळचा पगार मिळतो, हिला 'अजून वय बसत नाही' म्हणून परत पाठविले. तिच्यासारख्या पुष्कळ आहेत. ज्यांना तारीख ठाऊक नव्हती त्यांना यंत्रापुढे बसलेल्याने सरसकट १ जानेवारी देऊन टाकली. किल्लारीकडे तर ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे घरांबरोबर पेट्यांतले कागदही ढिगाऱ्याखाली गेले.

ही अडचण आपलीच आहे असे समजू नका. इंग्लंडच्या सरकारने १९०९ च्या जानेवारीपासून सत्तरीच्या माणसांना आठवड्याला पाच शिलिंग देण्यास प्रारंभ केला, तेव्हा आयर्लंडातल्या म्हाताऱ्यांजवळ जन्माचे दाखले नव्हते. तिकडे सर्वांची जन्मनोंद १८६४ नंतरची. मग म्हातारे सांगत की, १८३९ च्या जानेवारीतले मोठे वादळ आम्हांला आठवते. ज्याला वादळ आठवे तो सत्तरीचा. आपल्याकडचे ते वादळ म्हणजे पोलीस ॲक्शन.

आठवण आज तहसिलात चालत नाही. पण तिला आधार शोधता येतो. ह्या म्हातारीने शाळेचे तोंड पाहिले नव्हते, पण तिच्या थोरल्या भावाने पाहिले होते. गावच्या मुख्याध्यापकांनी जुने प्रवेश-निर्गम रजिस्टर काढले. नोंद उर्दूत, सन फसली १३४९. फसली सनात ५९० मिळवावे, म्हणजे १९३९-४०. ही भावाहून पाच वर्षांनी धाकटी. तो उतारा, मुलाचा शाळेचा दाखला आणि ग्रामीण रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षकांचा वयाचा दाखला असे तिन्ही कागद आम्ही अर्जाला जोडले. ज्यांच्या शाळेत अशी निजामकालीन रजिस्टरे कपाटात असतील त्या गुरुजींनी ती वाळवीपासून जपावीत आणि उर्दू वाचणारा एखादा जाणता मनुष्य गाठून ठेवावा.

आधारच्या दुरुस्तीचा कागद भरताना मी तिला विचारले, 'महिना कोणता लिहू, आजी?' ती म्हणाली, 'ज्वारी काढणीला आली होती म्हणे.' मी फेब्रुवारी लिहिला. अर्ज गेल्या पंधरवड्यात दिला आहे. समितीची बैठक अजून झालेली नाही.