स्वस्त यंत्राची वर्धेतली कसोटी

१९३६ च्या एप्रिल महिन्याच्या अखेरीस महात्मा गांधी वर्धेनजीकच्या ज्या शेगावात राहावयास गेले, तेथे ना पक्की सडक होती ना टपालकचेरी; आणि पुढे गांधीजींच्या नावाची पत्रे बुलढाणा जिल्ह्यातल्या दुसऱ्या, अधिक प्रसिद्ध अशा शेगावी जाऊन पडू लागली, तेव्हा १९४० साली या खेड्याचे नावच पालटून सेवाग्राम ठेवावे लागले. टपालाच्या घोटाळ्यापायी ज्या गावाचे बारसे दुसऱ्यांदा झाले, त्याच गावात गांधीजींशी थेट बोलता यावे म्हणून व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांनी टेलिफोन बसवून घेतला. तो आश्रमात अद्याप जपून ठेवलेला आहे, आणि त्याच्यासमोर उभे राहून शाळकरी मुले आपापल्या खिशातल्या टेलिफोनने त्याचे छायाचित्र घेताना मी पाहिली आहेत. गावकऱ्यांनी तो मागितला नव्हता. बोलण्याची गरज सरकारला होती, आणि म्हणून तार तेथवर पोहोचली. या जिल्ह्यात पुढे जे टेलिफोन आले, त्यांची कथा सांगताना ही पहिली हकिकत मला वारंवार आठवते.

स्वातंत्र्यानंतर कित्येक वर्षे टेलिफोन ही कचेऱ्यांची, हिंगणघाट-आर्वीच्या कापूस अडत्यांची आणि वकील-डॉक्टरांची मिरास होती. इतरेजन ट्रंक कॉल नोंदवून तासन्‌तास बसून राहत आणि 'अर्जंट' सांगावा की साधाच, याचा हिशेब मनाशी करीत. ज्याच्या घरी यंत्र नव्हते तो आपल्या लग्नपत्रिकेवर शेजाऱ्याचा क्रमांक 'पी.पी.' अशी अक्षरे जोडून छापी, आणि तो शेजारी त्या दोन अक्षरांच्या भिडेखातर भर पावसात निरोप द्यायला धावे. १९८४ साली स्थापन झालेल्या सी-डॉट या संस्थेच्या लहान एक्स्चेंजांनी तार खेड्यांपर्यंत नेली, नाक्यानाक्यावर एसटीडीच्या पिवळ्या पाट्या लागल्या, आणि काचेच्या खोक्यात उभे राहून मीटरच्या लाल आकड्यांवर डोळे खिळवून बोलणारा माणूस आपले अर्धे वाक्य गिळावयास शिकला.

३१ जुलै १९९५ रोजी मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कलकत्त्याहून दिल्लीस केंद्रीय दूरसंचारमंत्री सुखराम यांच्याशी मोबाइलवर पहिले संभाषण केले, त्या काळी मिनिटाला १६ रुपयांपर्यंत दर पडे आणि ऐकणाऱ्यालाही दाम मोजावे लागत. साहजिकच वर्धेच्या कास्तकाराला त्या वार्तेचे काही सोयरसुतक नव्हते. खरी क्रांती २००३ ची. त्या वर्षी येणारे कॉल फुकट झाले, रिलायन्सने ५०१ रुपये भरून हातात फोन देण्याची योजना काढली, आणि नोकियाचा ११०० हा फोन बाजारात आला. जगभर सुमारे २५ कोटी विकल्या गेलेल्या त्या फोनला कॅमेरा नव्हता, रंग नव्हते. पण त्याच्या माथ्यावर एक इवलीशी बॅटरी होती — उजेडाची बॅटरी — आणि रात्री-अपरात्री येणाऱ्या विजेवर वावरात ओलित करणाऱ्या माणसाला बोलण्याइतकीच तिची मातब्बरी होती. एका चार्जमध्ये तो कित्येक दिवस चाले. पडला तर त्याचे झाकण, बॅटरी आणि सांगाडा असे तीन तुकडे होत; ते जुळवले की पुन्हा चालू. स्वस्त यंत्र कसे असावे याचा एवढा प्रांजळ नमुना मी नंतर पाहिला नाही.

त्यानंतर आला तो आजचा स्मार्टफोन. २०१४ साली अँड्रॉइड वनचे फोन ६,३९९ रुपयांस निघाले. ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओची सेवा सुरू होऊन डेटा कवडीमोल झाला, आणि त्याच वर्षी नोटाबंदीने चहाच्या टपरीवरही क्यूआर कोडचा कागद चिकटवला. (२५१ रुपयांत स्मार्टफोन देण्याची जाहिरातही त्याच वर्षीची, पैसे भरणाऱ्या बहुतेकांना त्यातून शहाणपणच तेवढे मिळाले.) आठ-दहा हजारांच्या या यंत्राचे गुण नाकारण्यात अर्थ नाही. ५,००० एमएएचची बॅटरी भारनियमनाच्या दिवशीही संध्याकाळ गाठते. साडेसहा इंचांच्या पडद्यावर म्हाताऱ्या डोळ्यांनाही सातबारा वाचता येतो. दोन सिम असल्याने एका कंपनीची रेंज गेली की दुसरीवर बोलता येते. आणि पुण्याला नोकरीस असलेल्या लेकीचे तोंड आजीला रोज दिसते. या शेवटच्या गोष्टीची किंमत रुपयांत मांडू नये.

परंतु १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली आणि या यंत्राचे स्थान पालटले. पूर्वी पटवारी आपले दप्तर घेऊन पिकांची नोंद करी. आता खातेदाराने स्वतः वावरात उभे राहून, यंत्राला जागा ओळखू देऊन, पिकाचे छायाचित्र काढून ती नोंद करावी अशी अपेक्षा आहे. २०२५ च्या हंगामात कापूस महामंडळाला हमीभावाने कापूस देण्यासाठीही 'कपास किसान' या अ‍ॅपवर नोंदणी आली. मागे एकदा सेलूच्या बाजूला एक वयस्क कास्तकार मला भेटले. तुरीच्या ओळीत उभे राहून त्यांनी गळ्यातला दुपट्टा डोक्यावरून पुढे ओढून फोनवर अंधार केला होता, कारण उन्हात त्या स्वस्त पडद्यावर अक्षर म्हणून दिसत नव्हते. जागेची खूण फिरत होती, फिरत होती, आणि शेजाऱ्याच्या धुऱ्यावर जाऊन बसत होती. शेवटी एकदाचे छायाचित्र निघाले, तो 'जागा शिल्लक नाही' असा संदेश आला. "आता नातवाचा कोणता व्हिडिओ पुसू, तुम्हीच सांगा भाऊ," असे ते मला म्हणाले. फोनच्या पाठीवर तीन कॅमेरे होते. त्यांतले दोन बहुधा शोभेचेच. आणि हा प्रसंग पावसाळ्यातला. बहुतेक कंपन्या आपले यंत्र ३५ ते ४० अंशांपर्यंतच वापरावे असे पुस्तिकेत लिहितात, आणि वर्ध्याचा मे महिना ४५ च्या घरात असतो.

वर्ध्याच्या मगन संग्रहालयात, ज्याचे उद्घाटन गांधीजींनी ३० डिसेंबर १९३८ रोजी केले, चरख्यांचे नाना प्रकार मांडलेले आहेत. ते पाहताना मला १९२९ सालच्या एका जाहीरनाम्याची आठवण होते. अखिल भारतीय चरखा संघाने सुधारलेल्या चरख्यासाठी एक लक्ष रुपयांचे बक्षीस लावले होते, आणि त्याच्या अटी आजच्या कोणत्याही कंपनीने घाम पुसत वाचाव्यात अशा आहेत. यंत्र हलके असावे; खेड्यातल्या सामान्य झोपडीत चालावे; बाईमाणसाला फार श्रम न होता त्यावर सलग आठ तास काम करता यावे; किंमत १५० रुपयांहून अधिक नसावी; वेळच्या वेळी देखभाल केल्यास ते निदान २० वर्षे टिकावे, आणि त्या देखभालीचा वार्षिक खर्च किमतीच्या शेकडा पाचांहून अधिक होऊ नये. किर्लोस्करवाडीच्या कारखान्यात घडलेले यंत्रही या कसोटीस उतरले नाही. बक्षीस कोणालाच मिळाले नाही.

आता आठ हजारांचा फोन या तराजूत घालून पाहू. हलका आहे, झोपडीत चालतो, आठ तासच काय, मुले त्यावर दहा तास घालवतात. तेथवर ठीक. शेकडा पाच म्हणजे वर्षाला ४०० रुपये. पण पडदा फुटला तर बाजारातला कारागीर ज्याला 'फोल्डर' म्हणतो तो बदलण्यास मी स्वतः १,८०० मोजले आहेत. बॅटरी आत चिकटवून बंद केलेली, म्हणजे नोकियाप्रमाणे अंगठ्याने झाकण काढण्याची सोय उरली नाही. दोन-तीन वर्षांनी कंपनीकडून येणारी सुधारणा थांबते, आणि यंत्र धडधाकट असूनही बँकेचे अ‍ॅप त्यावर उघडावयाचे नाकारते. वीस वर्षांची अट राहो. कापसाचे चार हंगाम काढले तरी मालक स्वतःला भाग्यवान समजतो. लिनलिथगोंचा टेलिफोन सरकारच्या गरजेसाठी सरकारने बसवला होता. सरकारी नोंदीसाठी लागणारे आजचे यंत्र मात्र कास्तकार स्वतःच्या पैशाने घेतो आणि स्वतःच्याच पैशाने पुन्हा पुन्हा बदलतो. स्वस्त फोनचा मोठा दोष तो मंद चालतो हा नव्हे. तो दुरुस्तीस महाग आणि आयुष्याने थोडका आहे, हा होय.

म्हणून दिवाळीत फोन घ्यावयास दुकानात जाल तेव्हा कॅमेरे मोजू नका. या फोनला सुधारणा किती वर्षे मिळणार ते डब्यावर दाखवा म्हणावे, पडदा उन्हात बाहेर नेऊन पाहावा, आणि पैसे काढण्यापूर्वी समोरच्या दुरुस्तीवाल्याकडे जाऊन त्या फोनचा फोल्डर वर्ध्यात मिळतो का, की नागपूरहून मागवावा लागतो, एवढे विचारून यावे.