फटफटीचे माहेर आणि सासर

‘मोटारसायकल’ हा शब्द शाळेच्या पुस्तकातून आपल्याकडे आला. पण वऱ्हाडातल्या खेड्यापाड्यांनी या वाहनाचे बारसे त्याच्या आवाजावरूनच केले. फटफटी! नाव ऐकले की गाडी डोळ्यांपुढे उभी राहते. आज अमरावती आणि अकोला जिल्ह्यांत दारोदार दुचाकी दिसते, तरी गावातल्या म्हाताऱ्या माणसाला विचाराल तर तो ‘खरी फटफटी’ बुलेटलाच म्हणेल. बाकीच्या नुसत्या गाड्या. या बुलेटची कथा मोठी मजेची आहे. तिचे माहेर इंग्लंडात होते. ते केव्हाच बुडाले. सासरी मात्र ती अजून नांदते आहे. हे कसे घडले, ते आज पाहू.

फटफटीच्या आधी आपल्याकडे हा मान दमणीचा आणि रेंगीचा होता. मुंबईहून निघालेली लोहमार्गाची गाडी वऱ्हाड ओलांडून 1867 साली नागपूरला पोचली. अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा ही ठाणी त्याच वाटेवरची. पण ठाण्यावरून गावी जायचे कसे? काळी कसदार जमीन, पहिल्या पावसातच चाके आऱ्यांपर्यंत रुतायची. कापसाचे ओझे जड गाडीने जाई, आणि घरधन्याची स्वारी हलक्या दमणीतून. बैल निवडक, गळ्यात घुंगरमाळा; स्वारी येते आहे हे शिवारात अर्ध्या कोसावरून कळे. तळेगाव दशासरच्या शंकरपटात धावणाऱ्या बैलांचे कौतुक ज्यांनी पाहिले आहे, त्यांना वेग आणि प्रतिष्ठा यांची जोडी वेगळी समजावून सांगायला नको. घुंगरांची जागा पुढे इंजिनाच्या ठोक्याने घेतली, एवढाच काय तो फरक.

आता माहेरची गोष्ट. इंग्लंडमधील रेडिच या गावी सायकली करणारी एक कंपनी होती. एनफिल्ड येथील सरकारी बंदूक कारखान्याला सुटे भाग पुरवण्याचे काम तिला मिळाले आणि त्यावरून तिच्या मालाला ‘रॉयल एनफिल्ड’ हे नाव पडले. 1901 साली तिची पहिली मोटारसायकल निघाली. ‘बुलेट’ म्हणजे बंदुकीची गोळी, हे नाव 1932 मधले. म्हणजे नावातही बंदूकच. पहिल्या महायुद्धात निरोप्यांना घोड्याऐवजी मोटारसायकल मिळाली होती, दुसऱ्यात तर ती सैन्याच्या हाडामांसाची झाली. दुसरे युद्ध संपल्यावर अमेरिकन सैन्याच्या उरलेल्या हार्ले-डेव्हिडसन गाड्या दिल्लीत विकल्या गेल्या. त्यांच्यामागे पाटा बसवून चांदणी चौकाच्या परिसरात लोकांची ने-आण सुरू झाली. त्यांनाही लोक ‘फटफटी’च म्हणत. 1990 च्या दशकाच्या अखेरीपर्यंत त्या धावल्या. जगात जी गाडी श्रीमंतांच्या हौसेची म्हणून मिरवली, ती आपल्याकडे भाड्याच्या टांग्याचे काम करत होती!

स्वातंत्र्यानंतर सरहद्दीवर गस्तीसाठी भक्कम मोटारसायकल हवी होती. 1950 च्या दशकाच्या आरंभी आपल्या सैन्याने 350 सी.सी.ची बुलेट निवडली आणि शेकड्यांनी मागवली. एवढ्या गाड्या परदेशातून आणण्यापेक्षा इथेच का जोडू नयेत, असा विचार झाला. 1955 साली ‘मद्रास मोटर्स’ आणि इंग्लिश कंपनी यांनी मिळून ‘एनफिल्ड इंडिया’ काढली. मद्रासजवळच्या तिरुवोट्टियूर येथे कारखाना उभा राहिला. आरंभी विलायतेहून आलेले भाग जोडत. पुढे काही वर्षांत सगळीच गाडी इथे घडू लागली.

तिकडे इंग्लंडात मात्र दिवस फिरले. स्वस्त छोट्या मोटारी आल्या, पाठोपाठ जपानी मोटारसायकली आल्या; हलक्या, वेगवान, तेल न गळणाऱ्या. 1967 मध्ये रेडिचचा कारखाना बंद पडला आणि 1970 मध्ये उरलेसुरले कामही थांबले. माहेर बुडाले ते असे. मद्रासेत मात्र 1955 च्याच नमुन्याची गाडी जवळजवळ तशीच निघत राहिली, आणि 1977 पासून तीच गाडी इंग्लंडात विक्रीला जाऊ लागली. लेक माहेरी गेली, पण पाहुणी म्हणून!

ही आपल्या कारखानदारीची मोठी करामत होती असे कोणी म्हणेल, तर मला ते पटत नाही. परदेशी मालाला आपली दारे बंद होती, परवान्यावाचून नवा कारखाना निघत नव्हता, आणि सैन्य व पोलीस ही हमखास गिऱ्हाइके होती. अशा स्थितीत जुना साचा मोडण्याची निकड कोणाला वाटणार? म्हैसूरला रुस्तम व फारुख इराणी यांनी 1961 मध्ये जावा गाडीचा कारखाना काढला, तिचीच पुढे येझदी झाली. एस्कॉर्ट्सची राजदूतही त्याच सुमाराची. या हलक्या गाड्या खेड्यांत अधिक खपल्या. 1996 मध्ये म्हैसूरचा कारखाना बंद पडला. बुलेट मात्र तगली. सैन्याने तिला जन्म दिला हे खरे, पण पन्नास वर्षे जगवली ती कोणी? माझे उत्तर असे की गावोगावच्या मिस्त्रींनी.

ते कसे, हे कळण्यासाठी हे यंत्र जरा जवळून पाहू. शिक्षक मित्रांनी हे गणित वर्गात जरूर घालावे. जुन्या बुलेटच्या नळकांड्याचा व्यास 7 सेंटिमीटर आणि आतला दट्ट्या वरखाली सरकतो ते अंतर 9 सेंटिमीटर. वृत्तचितीचे घनफळ काढा: 22 भागिले 7, गुणिले साडेतीनचा वर्ग, गुणिले 9. उत्तर येते साडेतीनशेच्या अलीकडे, 346.5. हेच ते ‘साडेतीनशे सी.सी.’! दट्ट्याची ये-जा लांब, जोडीला जड फिरते चाक. त्यामुळे इंजिन सावकाश, दमदार ठोके देते. फट, फट, फट. आवाज हा अलंकार नव्हे, तो या लांब ये-जेचा परिणाम आहे. सायलेन्सर कापून कानठळ्या बसवणाऱ्या तरुणांना हे कोणीतरी सांगायला हवे. अनेक शहरांत पोलिसांनी असले सायलेन्सर जप्त करून रोडरोलरखाली चिरडले आहेत, आणि त्याबद्दल मला तिळमात्र वाईट वाटले नाही.

ही गाडी चालू करणे म्हणजे एक विधीच होता. आधी पेट्रोलची तोटी उघडायची. मग हँडलवरची बारीक कळ दाबून इंजिनातला दाब सोडायचा आणि किक हलके हलके खाली न्यायची. हे करताना नजर दिव्याजवळच्या विजेच्या काट्यावर. काटा मध्यावर आला की कळ सोडायची, किक पुन्हा वर घ्यायची आणि मग पुरे वजन टाकून एकच लाथ. जमले तर पहिल्या लाथेला गाडी बोलते. चुकले तर किक उलटी येऊन पोटरी फोडते. दांडगाईने ती चालू होत नसे. अंगाने बारीक माणूसही ती सहज चालू करी, आणि पैलवान घाम गाळत बसे. शिवाय गिअर उजव्या पायाशी आणि ब्रेक डाव्या पायाशी. दुसऱ्या गाडीवर हात बसलेल्या माणसाला ऐन वेळी ब्रेक सापडत नसे. वजन दीड क्विंटलाहून अधिक. चिखलात आडवी झाली की उचलायला दुसरा गडी लागे.

परंतु हीच गाडी उघडायला फार सोपी होती. चार पाने, एक पेचकस, प्लग घासायला पॉलिश पेपर, पॉइंटची फट मोजायला एक पत्र्याची पट्टी. कार्बोरेटरचा स्क्रू कानाने ऐकून फिरवायचा. बडनेऱ्याच्या किंवा मूर्तिजापूरच्या रस्त्याकडेला झाडाखाली बसलेला मिस्त्री हे सारे करू शकत असे. कारण वीस वर्षांपूर्वीच्या गाडीचा भाग आजच्या गाडीला बसे. साचा न बदलण्याचा आळस शेतकऱ्याच्या असा पथ्यावर पडला. इंग्रजी न येणाऱ्या या माणसांनी विलायती यंत्राचा एक संपूर्ण शब्दकोशच मराठी तोंडात बसवला, याचा इतिहास अजून कोणी लिहिलेला नाही.

लोकांनी या यंत्राचे पुढे काय केले तेही पाहा. 1990 च्या दशकात डिझेलवर चालणारी बुलेट निघाली; चालीला मंद, पण तेल फार कमी पिणारी. त्याच काळात गुजरातेतील अमरेली जिल्ह्याचे मनसुखभाई जगानी यांनी 325 सी.सी.च्या बुलेटचे मागचे चाक काढून तिथे दोन चाके आणि शेतीची अवजारे जोडली. ‘बुलेट सांती’ या नावाने ती प्रसिद्ध झाली. पेरणी आणि आपण ज्याला डवरणी म्हणतो ते काम ही फटफटी करू लागली. दुष्काळात ज्याला बैलजोडी पोसणे झेपत नाही, त्याच्यासाठी केलेली ही युक्ती. गंमत बघा, दमणीचे बैल हटवून जी गाडी दारात आली, ती शेवटी बैलाच्याच जागी जुंपली गेली.

याच गाडीच्या नशिबी एक लाजिरवाणे कामही आले. हुंडाबंदीचा कायदा 1961 चा. पण कायद्याने रोख रकमेकडे बोट दाखवताच ‘वस्तू’ पुढे झाल्या, आणि त्या वस्तूंत फटफटी अग्रभागी राहिली. मुलीच्या बापाने कर्ज काढायचे आणि जावयाने ठोके ऐकवत गावातून फिरायचे! कापसाच्या एका बुडीत हंगामाने ज्याचे घर बसते, त्याला हे ओझे काय असते हे वऱ्हाडात सांगावे लागत नाही.

आता नव्या काळाकडे वळू. अमेरिकेत लांबच लांब सरळ रस्ते. तिथे बसकी, रुंद हँडलाची, पाय पुढे पसरून बसायची प्रवासी गाडी जन्मली. तिला ‘क्रूझर’ म्हणतात. पुण्याच्या बजाज कंपनीने 2001 मध्ये ‘एलिमिनेटर’ आणि 2005 मध्ये ‘ॲव्हेंजर’ काढून हा थाट मध्यमवर्गाच्या आवाक्यात आणला. हार्ले-डेव्हिडसनने 2011 मध्ये हरियाणातील बावल येथे गाड्या जोडायला आरंभ केला, 2020 मध्ये ते काम आवरले, आणि 2023 मध्ये हिरो कंपनीशी हात मिळवून 440 सी.सी.ची गाडी आणली. बुलेटच्या घराण्यातली ‘मिटिऑर’ 2020 ची. रस्तेही आले. आपल्याच राष्ट्रीय महामार्ग 53 वर, अमरावती जिल्ह्यातील लोणी ते अकोला जिल्ह्यातील माना यांच्या दरम्यान, जून 2022 मध्ये एका पट्ट्याच्या हिशेबाने 75 किलोमीटर डांबरीकरण साडेपाच तास वर शंभर तासांत पुरे झाले आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. त्याच वर्षी 11 डिसेंबरला समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा खुला झाला. क्रूझरला साजेसा सरळ, रुंद रस्ता वऱ्हाडाच्या काळ्या मातीतून गेला खरा. पण त्यावर दुचाकीला मज्जाव आहे. वेग पाहता तो योग्यच म्हणावा लागेल. तेव्हा मोठी गाडी घेतलेल्यांनी चिखलदऱ्याचा घाट धरावा, शिरस्त्राण घालून आणि वळणावर वेग आवरून.

एका गोष्टीची मात्र मला काळजी वाटते. 1 एप्रिल 2020 पासून धुराचे नवे नियम लागू झाले. कार्बोरेटर गेला, इंधन मोजून देणारा विजेचा मेंदू आला. हवेच्या दृष्टीने हे आवश्यकच होते. जुन्या गाडीच्या धुराचे गोडवे गाण्यात अर्थ नाही. पण त्या मेंदूची चूक शोधायला संगणकाची जोड लागते, आणि ती झाडाखालच्या मिस्त्रीपाशी नसते. पेरणीच्या ऐन घाईत बंद पडलेली गाडी टेम्पोत घालून जिल्ह्याच्या गावी न्यावी लागली, तर शेतकऱ्याचा दिवस जातो आणि मिस्त्रीची मजुरीही. आपल्या तालुक्याच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत दुचाकी दुरुस्तीचा वर्ग आहे का, त्यात हे नवे यंत्र शिकवतात का, याची चौकशी शिक्षकांनी करावी. अनुभवी मिस्त्रीलाही तिथे चार दिवस बसता आले पाहिजे.

नव्या ‘मिटिऑर’ला आणि 2021 च्या ‘क्लासिक’ला किकच नाही. बटण दाबले की इंजिन चालू. काटा मध्यावर आणणे, कळ सोडणे, लाथ मारणे ही विद्या आता ज्यांच्या पायांत उरली आहे ते लोक साठीच्या घरात आहेत, आणि गावातली एखादी जुनी गाडी सकाळी हट्टाला पेटली की त्यांना अजून बोलावणे जाते.