छंग्येछन : ओढा, रस्ता आणि नाव

कोरियन भाषेत ‘छन’ या पदाचा अर्थ ओढा असा आहे. सोल नगराच्या मध्यातून पूर्वेकडे वाहणाऱ्या प्रवाहास चोसन राजवटीत ‘गॅछन’, म्हणजे खोदून मोकळा केलेला ओढा, असे म्हणत. १७६० मध्ये राजा यंजो याने त्यातील गाळ मोठ्या प्रमाणावर उपसविला होता. ‘छंग्येछन’ हे आजचे नाव जपानी अमलात रूढ झाले. त्यातील ‘छंग’ म्हणजे निर्मळ. आणि ओढ्याचे गटार होत होते ते नेमके याच काळात!

१९५८ पासून या गटारावर काँक्रीट पडत गेले, व १९६७ मध्ये त्याच मार्गावर मोटारींसाठी उन्नत रस्त्याचे काम सुरू झाले. ओढा दृष्टीआड झाला, नाव मात्र टिकले. तळातल्या रस्त्यास लोक ओढ्याच्याच नावाने ओळखत राहिले.

महापौर ली म्यंग-बाक यांच्या कारकीर्दीत, १ जुलै २००३ रोजी, हा उन्नत रस्ता पाडण्यास आरंभ झाला, आणि १ ऑक्टोबर २००५ रोजी ओढा लोकांस खुला झाला. या घटनेस ‘पुनःस्थापना’ म्हणतात. प्रस्तुत लेखकास हा शब्द मान्य नाही. प्रवाहातील पाणी बव्हंशी हान नदीतून पंपाने चढविलेले आहे. ग्वांगथोंग पूल पुन्हा उभारला, पण मूळ जागी नव्हे. १९५९ मध्ये हलविलेला सुफ्यो पूल तर परत आलाच नाही. तेथील फेरीवाल्यांपैकी अनेकांना तोंगदॅमुनच्या क्रीडांगणात जागा देण्यात आली, व काही वर्षांतच ते क्रीडांगणही पाडण्यात आले. त्यांच्यापुरता या शब्दाचा अर्थ काय?

वस्तुतः अधिक दूरगामी घटना ओढ्याच्या काठी घडलीच नाही. १ जुलै २००४ रोजी सोलची बसव्यवस्था मुळातून बदलली. तोपर्यंत खाजगी कंपन्या किफायतशीर मार्गांच्या मागे धावत. यापुढे मार्ग नगरशासन ठरवू लागले आणि कंपन्यांस उत्पन्नावर नव्हे, तर चालविलेल्या अंतरावर मोबदला मिळू लागला. हमरस्त्यांच्या मध्यभागी बसगाड्यांसाठी स्वतंत्र पट्टे राखले गेले. बस व भुयारी रेल्वे यांचे भाडे अंतरानुसार एकत्र आकारले जाऊ लागले. पाडलेल्या रस्त्याची चर्चा जगभर झाली, या निर्णयाची त्या मानाने थोडी. इतिहासलेखनात तरी हा क्रम उलटावयास हवा.

उन्नत रस्त्याचे तीन खांब मात्र पाडले नाहीत. ते मुद्दाम राखून ठेवले असून, ओढा त्यांच्याजवळून वाहतो.